अकरा हजार फोटो आणि एक करार

वाचकाचा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात)

मी एका कृषी विद्यापीठात पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. डाळिंबावरचा तेल्या आणि इतर रोग मोबाइलच्या फोटोवरून ओळखणारं एआय मॉडेल हा माझा विषय. चार वर्षांत सुमारे अकरा हजार फोटो जमले. सात हजार मी बागा हिंडून काढले, चार हजार बागायतदारांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. माझा शोधनिबंध स्वीकारला गेला आहे, पण फोटो खुल्या भांडारात, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येतील अशा ऑनलाइन साठ्यात, ठेवावेत अशी नियतकालिकाची अट आहे. त्याच सुमारास एका कंपनीने सरांपुढे प्रस्ताव ठेवला: सगळा डेटा आणि मॉडेल पाच वर्षं फक्त त्यांनाच. सर म्हणतात, फोटो बाहेर गेले तर करार गेला. मला हे विकणं म्हणजे शेतकऱ्यांचा विश्वासघात वाटतो. माझे वडील स्वतः डाळिंब लावतात, तेही म्हणतात, "चार वर्षं उन्हातान्हात राबलीस, फुकट कशाला वाटतेस?" काय करू?

उत्तर

तुमच्या मूळ पत्रात "माझे फोटो" असं पाच ठिकाणी आहे आणि "सरांचा डेटा" असं दोन ठिकाणी. चार हजार फोटो बागायतदारांनी काढून पाठवले हेही तुम्हीच लिहिलं आहे, पण ते फोटो त्यांचे आहेत असं कुठेच म्हटलेलं नाही. मी इथूनच सुरुवात करते, कारण खुलं करायचं की विकायचं हे त्यानंतर येतं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. एखाद्या बागायतदाराने फळावरचा तेलकट डाग टिपला आणि "ताई, हे काय आहे बघा" म्हणून तुम्हाला पाठवला, तेव्हा त्याने तो सल्ल्यासाठी दिला. तो कंपनीला द्यायची परवानगी त्यात नव्हती. जगासाठी खुला करायचीही नव्हती. हे दुसरं वाक्य तुम्हाला टोचेल, पण करारावर सही करणारे सर आणि भांडारात फोटो चढवणाऱ्या तुम्ही, दोघंही त्याला न विचारता निर्णय घ्यायला निघाला आहात. तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. तरी हेतू चांगला असला की विचारायची गरज उरत नाही, असं होत नाही.

आणि खुलेपणाने कुणाचं नुकसान होत नाही, हेही गृहीत धरू नका. मोबाइलने काढलेल्या मूळ फोटोच्या फाइलमध्ये तारीख आणि बागेचं लोकेशन बसलेलं असू शकतं. कधी मागे बांधावरची नावाची पाटी दिसते, कधी माणसाचा चेहरा. व्यापारी बागेत दर करायला येतो तेव्हा "तुमच्या भागात तेल्या आहे म्हणे" एवढं वाक्य भाव पाडायला पुरतं, हे तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. ज्या रोपवाटिकेतून रोपं आणली तिचं नाव फोटोसोबतच्या नोंदीत असेल तर तिथेही भांडण. म्हणून खुलं करायचं ठरलं तरी आधी लोकेशन तालुक्यापर्यंत ढोबळ करा, नंबर, नावं, चेहरे, पाट्या काढा. सात हजार फोटो तुम्ही काढले असले तरी बाग दुसऱ्याची होती, म्हणून ही काळजी त्यांनाही लागू.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की मला दादाजी खोब्रागडे आठवतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचा हा अल्पभूधारक शेतकरी. शेतात वेगळी दिसलेली भाताची लोंबी त्यांनी वेगळी ठेवली, वर्षानुवर्षं निवड करत वाण तयार केलं आणि त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी नाव पडलं. बी त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिलं, मागायला आलेल्या संशोधकांनाही दिलं. पुढे त्या बियाण्यावरून शुद्ध केलेलं वाण संस्थेच्या नावाने प्रसिद्ध झालं आणि दादाजींना आपलं श्रेय मिळवायला वर्षं घालवावी लागली. २०१८ साली ते गेले. त्यांनी बी मोकळ्या हाताने दिलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. देताना कुणाचं नाव पुढे जाईल, हे लिहून ठेवणारं तिथे कुणी नव्हतं. तुमच्या बाबतीत लिहून ठेवणाऱ्या तुम्ही आहात.

आता "विकणं म्हणजे विश्वासघात" याकडे येते. पैसे घेणं आणि कुलूप लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पत्रात त्या एकमेकींत मिसळल्या आहेत.

मानवी जनुकसंचय, म्हणजे माणसाच्या सगळ्या जनुकांचा क्रम, वाचणाऱ्या सार्वजनिक प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांनी १९९६ साली बर्म्युडातल्या बैठकीत ठरवलं होतं की वाचलेला जनुकक्रम चोवीस तासांत सर्वांसाठी खुला करायचा. १९९८ मध्ये सेलेरा ही खासगी कंपनी त्याच कामात उतरली. तिने आपला डेटा पैसे भरणाऱ्यांना दिला, इतरांना अटींवर. सार्वजनिक प्रकल्पाने तेच जनुक पुन्हा वाचून खुले केले तसं सेलेराचं कुलूप निघत गेलं, म्हणजे ते जेमतेम दोनेक वर्षं होतं. तरीही हायडी विल्यम्स या अर्थतज्ज्ञ बाईंनी पुढे मोजलं तेव्हा आढळलं की सेलेराच्या ताब्यात राहिलेल्या जनुकांवरचं नंतरचं संशोधन आणि त्यातून निघालेली उत्पादनं २० ते ३० टक्क्यांनी कमी होती. कुलूप निघालं तरी मागे पडलेलं काम लगेच भरून आलं नाही. तुमच्यापुढे पाच वर्षांचा करार आहे. डाळिंबात पाच वर्षं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. एका तेल्याच्या हंगामात बाग उपटून टाकलेली माणसं तुमच्या ओळखीत असतील.

याच्या उलट उदाहरण स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांचं. जनुकं जोडण्याची त्यांची पद्धत १९७३ साली प्रसिद्ध झाली. पेटंटचा अर्ज १९७४ च्या नोव्हेंबरात गेला, प्रसिद्धीनंतर अर्ज करायला अमेरिकेत मिळणारी एक वर्षाची सवलत संपायला आठवडाभर उरला असताना. कोहेन यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ते पेटंट कुणा एकाला दिलं नाही. जो माफक शुल्क भरेल त्याला परवाना, आणि शैक्षणिक संशोधनाला वापर मोकळा. साडेचारशेहून जास्त कंपन्यांनी तो घेतला, २५ कोटी डॉलरहून जास्त उत्पन्न आलं आणि जैवतंत्रज्ञानाचा अख्खा उद्योग त्यावर उभा राहिला. तेव्हा सरांपुढे तुम्ही "पैसे नकोत" असं म्हणायची गरज नाही. "फक्त त्यांनाच" हे दोन शब्द नकोत, एवढंच म्हणा.

यासाठी तुमच्याकडे नेमकं काय काय आहे हे वेगळं करावं लागेल. आज तुम्ही सगळ्याला "डेटा" म्हणता आणि सरही. एका कागदावर मांडा. तुम्ही काढलेले फोटो. शेतकऱ्यांनी काढलेले फोटो. प्रत्येक फोटोवर लावलेलं रोगाचं नाव. मॉडेल. आणि ज्यातून शेतकऱ्याला उत्तर जातं ते अ‍ॅप. फोनला लावायची प्रकाशाची डबी तुम्ही बनवली आहे असं पत्रात ओझरतं आलं आहे, तीही लिहा.

यातली सगळ्यात मौल्यवान वस्तू कोणती ते कंपनीला ठाऊक आहे, तुम्हाला बहुधा नाही. ती म्हणजे रोगाचं नाव. फळावरचा डाग तेल्याचा की सर्कोस्पोरा या बुरशीचा, हे फोटो काढणाऱ्याला नेहमी कळत नाही. फळ इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखं तडकलं की तेल्या ओळखू येतो, पण तोवर उशीर झालेला असतो. सुरुवातीच्या डागाला अचूक नाव देणारे वनस्पतिरोगतज्ज्ञ कोण होते? त्यांनी किती नमुने प्रयोगशाळेत तपासून खात्री केली? त्यांचं नाव निबंधात आहे का, आणि त्या प्रस्तावित करारात आहे का? पत्रात त्यांचा उल्लेख नाही म्हणून विचारते.

पेटंटचा बाऊ अनेकदा विनाकारण होतो. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रणाली यांना पेटंट मिळत नाही. फोटोंच्या संग्रहालाही नाही. प्रकाशाची डबी मात्र नवी असेल तर तिला मिळू शकतं, आणि तिच्यापुरती, आधी प्रसिद्ध केलं तर पेटंट जातं, ही भीती खरी आहे. एकदा रचना प्रसिद्ध झाली की ती नवी राहत नाही. कलम ३१ मधली बारा महिन्यांची सवलत मोजक्याच प्रसंगांना लागू होते, तिच्या भरवशावर राहू नका. तात्पुरता अर्ज आधी दाखल करा, पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. अर्ज गेला की निबंधात डबीचं चित्र छापायला हरकत उरत नाही. विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा कक्षाकडे यासाठी जा, आणि करारावर सही व्हायच्या आधी तो एखाद्या वकिलाला दाखवा.

वडिलांच्या "फुकट" या शब्दाबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण तो कष्टातून आलेला शब्द आहे आणि मी तो हलका मानत नाही.

तुमचं काम सुरू झालं तेव्हा तुम्ही कशावर शिकलात? मला खात्री आहे की पहिल्या वर्षी तुम्ही प्लँटव्हिलेजचा खुला संग्रह उतरवून घेतला असेल. पानांचे ५४,३०६ फोटो, चौदा पिकं. त्यात डाळिंब नाही, तरी मॉडेल कसं शिकवायचं हे जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्यावर गिरवलं. त्याच संग्रहावर २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांनी ९९.३५ टक्के अचूकता दाखवली, आणि त्याच निबंधात हेही सांगितलं की बाहेरून मिळवलेल्या, वेगळ्या परिस्थितीतल्या फोटोंवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. सगळं खुलं होतं म्हणून हे उघड झालं आणि पुढच्यांना कळलं की टेबलावर ठेवलेल्या पानावर शिकून शेतात भागत नाही. तुम्ही बागेत जाऊन, उन्हात, धुळीसकट फोटो काढले, ते यामुळेच. आता तुमचं मॉडेल दुसऱ्या जिल्ह्यात, भगवा सोडून दुसऱ्या वाणावर, वेगळ्या फोनवर किती टिकतं? ते तपासायला बाहेरचं कुणी हवं. कंपनी ते तपासून जाहीर करेल अशी अपेक्षा धरू नका. शेतकऱ्याने चुकीच्या उत्तरावर भरवसा ठेवून फवारणी केली तर तो खर्च त्याच्या खिशातून जातो.

आणि वडिलांना एक हिशेब सांगा. कंपनी ज्यासाठी पैसे मोजेल ते जुने फोटो नसतात. पुढच्या बहारात येणारे नवे फोटो, त्यांना वेळेत मिळणारं खात्रीचं नाव, मराठीत उत्तर देणारं अ‍ॅप आणि फोन उचलणारा माणूस, याचे पैसे असतात. ते सगळं तुमच्याकडे उद्याही असेल. तुमच्या हातची विद्या फोटो खुले केल्याने जात नाही. उलट ज्या संग्रहावर तुमचं नाव आहे, तो वापरणारा प्रत्येक जण तुमचं नाव लिहील.

बंद ठेवलेल्या डेटाचं काय होतं ते मी पाहिलं आहे. मी ज्या संस्थेत उमेदीची वर्षं घालवली, तिथे एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे मातीपरीक्षणाच्या वीस वर्षांच्या वह्या होत्या. कुणी आपल्या आधी छापेल या धास्तीने ते त्या कुलपात ठेवत. ते निवृत्त झाले, खोलीला रंग द्यायचा निघाला आणि वह्या रद्दीत गेल्या. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं. त्या वह्यांतल्या गावांची नावं मला अजून आठवतात आणि आकडे आठवत नाहीत, याचं दुःख जात नाही.

सरांना खलनायक करू नका. संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी लावताना पेटंट मोजली जातात, प्रयोगशाळेला निधी हवा असतो आणि वरून "तंत्रज्ञान हस्तांतरण किती झालं?" ही विचारणा दरवर्षी येते. भारतीय कृषी संशोधन परिषदेची २००६ ची मार्गदर्शक तत्त्वं बौद्धिक संपदा आणि व्यापारी वापराबद्दल आहेत, आणि २०१३ चं तिचंच धोरण खुल्या उपलब्धतेबद्दल. एकाच घरातून दोन निरोप येत असतील तर मधल्या माणसाची ओढाताण होणारच. मेल करून वरिष्ठांना प्रत पाठवण्याआधी समोर बसून बोला. नैतिकतेवर बोलू नका, करारावर बोला. हा परवाना एकालाच का? डाळिंबापुरता आहे की मॉडेलच्या सगळ्या वापरांना? पाच वर्षांत कंपनीने काहीच बाजारात आणलं नाही तर हक्क परत येतात का? माझा प्रबंध आणि पुढचं संशोधन यांना कंपनीची परवानगी लागेल का? शेवटचा प्रश्न विशेष जपून विचारा, कारण प्रबंध विद्यापीठात जमा झाला की तो वाचायला खुला होतो, आणि करारातलं गोपनीयतेचं कलम त्याच्या आड आलं तर पदवी तुमची अडेल, कंपनीची नाही.

त्याआधी तुमचे कागद काढा: प्रवेशाच्या वेळी सही केलेले फॉर्म, शिष्यवृत्तीच्या अटी, प्रकल्पाचं मंजुरीपत्र, विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण. तुम्ही काढलेल्या फोटोंवर विद्यापीठाचा हक्क आहे की तुमचा, हे त्यावर ठरेल. अनेक विद्यार्थी हे कागद पहिल्यांदा वाचतात ते भांडण झाल्यावर.

माझं मत विचाराल तर असं. निबंधातले निष्कर्ष ज्या फोटोंवर उभे आहेत, तेवढे तुम्ही काढलेले फोटो रोगांच्या नावांसकट निबंधासोबतच खुले करा. "मागितल्यास देऊ" हे वाक्य लिहून सुटका करून घेऊ नका. मागणाऱ्याला उत्तर न मिळण्याचा अनुभव सगळ्यांना आहे. उरलेल्या फोटोंना काही महिन्यांची मुदत हवी असेल तर ती घ्या, झेनोडोसारख्या भांडारात तशी सोय आहे. पण मुदत तारखेची ठेवा. "करार झाल्यावर" किंवा "उत्पादन आल्यावर" अशी मुदत कधी संपत नाही. वर सेलेराचं सांगितलं ते विसरले नाही. म्हणूनच काही महिने म्हणते, पाच वर्षं नाही. मॉडेल आणि अ‍ॅप कंपनीला परवान्याने द्या, दुसऱ्या कुणाला द्यायची वाट मोकळी ठेवून. त्यातून पैसे आले तर घ्या आणि लाजू नका.

फोटोंवर कुठला परवाना लावायचा याबद्दल एक सूचना. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे आपलं काम इतरांना वापरू देण्याचे तयार परवाने. त्यातला "व्यापारी वापरास मनाई" असलेला परवाना पाहिला की अनेकांना तोच सुरक्षित वाटतो. पण शेतकरी उत्पादक कंपनीही कंपनीच आहे. उद्या तुमच्याच तालुक्यातल्या बागायतदारांनी मिळून अ‍ॅप काढायचं ठरवलं आणि वर्षाला शंभर रुपये घेतले, तर ते या मनाईत बसतात का, याचं ठाम उत्तर कुणी देणार नाही आणि ते बिचकून मागे होतील. मोठी कंपनी वकील लावून वाट काढेल. त्यापेक्षा नाव देण्याची अट असलेला साधा परवाना मला बरा वाटतो. एकदा दिलेला असा परवाना मागे घेता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवून द्या.

आणि म्हणूनच त्या चार हजार फोटोंबद्दल आधी विचारा. ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर ते आले त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर, स्वतःच्या आवाजात. काहीसं असं: "नमस्कार काका, तुम्ही मला डाळिंबाचे फोटो पाठवत होता. त्यावरून मी रोग ओळखायला मोबाइलला शिकवलं. आता ते फोटो तुमचं नाव, नंबर आणि गाव काढून इतर अभ्यासकांना मोकळे करायचा विचार आहे. मग ते कुणीही वापरू शकेल, कंपन्यासुद्धा, आणि त्याचे पैसे तुम्हाला किंवा मला मिळणार नाहीत. तुमची हरकत नसेल तर हो कळवा, असेल तर नाही. नाही म्हणालात तरी तुमच्या बागेबद्दल विचारलंत की मी पूर्वीसारखंच सांगेन." एका कंपनीला फोटो द्यायचे असतील तर त्यासाठी वेगळा निरोप, कंपनीचं नाव घेऊन. दोन्ही परवानग्या एका "हो" मध्ये गुंडाळू नका.

"नाही" आलं तर ते फोटो बाजूला काढा आणि कारण विचारू नका. उत्तरच आलं नाही तर त्याला होकार समजू नका, एकदा फोन करा. बहार धरायची धांदल सुरू होण्याआधी हे उरका, एकदा बागांची कामं लागली की फोन उचलायला कुणाला सवड नसते.